आघातानंतरची उसंत

आघात होऊन जातो, जखमा भरून येतात, रजा संपून माणूस कामावरही रुजू होतो. पण घरच्यांना कळत असते की तो पूर्वीचा राहिलेला नाही. रात्री दोन वाजता तो घामाघूम होऊन उठून बसतो. हॉटेलात गेला की भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसतो. शेजारच्या मुलाने फुगा फोडला तर त्याचे हात थरथरतात आणि मग कितीतरी वेळ तो कुणाशी धड बोलत नाही. ज्या रस्त्यावर ते घडले तो रस्ता तो टाळतो. पुढे पुढे माणसेही टाळू लागतो. घरातले समजावतात, "झालं गेलं गंगेला मिळालं, आता तरी सोडून दे." सोडायला तो केव्हाचा तयार असतो. त्याचे शरीर तयार नसते.

या अवस्थेला वैद्यकशास्त्रात पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, थोडक्यात पीटीएसडी म्हणतात; मराठीत आघातोत्तर तणाव विकार. युद्ध, अपघात, भूकंप, बॉम्बस्फोट, बलात्कार, घरातली मारहाण, लहानपणी सोसलेला अत्याचार, यांतले काहीही त्याच्या मुळाशी असू शकते. या पुस्तकाचा विषय आहे त्यावरचा एक असा उपचार, जो पहिल्यांदा ऐकताना खरा वाटत नाही. मानेच्या उजव्या बाजूला, नसांच्या एका लहानशा गुच्छाशेजारी, जागा बधिर करणारे औषध सोडायचे. दात काढताना हिरडीत देतात त्याच जातीचे औषध. काम काही मिनिटांचे. आणि त्याने महिनोन्महिने न झोपलेल्या माणसाला झोप लागावी, सतत आवळलेली छाती सैल व्हावी, अशी अपेक्षा.

वेदना-चिकित्सेत काम करणाऱ्या माझ्यासारख्या भूलतज्ज्ञाला हे इंजेक्शन परके नाही. दुखापतीनंतर हात आगीसारखा जळत राहतो, सुजतो, त्याचा रंग पालटतो, वाऱ्याची झुळूकही सोसवत नाही, असे एक चिवट दुखणे असते. त्यासाठी आम्ही ते देत आलो आहोत. मनावरच्या आघाताला त्याचा काय उपयोग, हा प्रश्न मात्र तुलनेने नवा आहे. त्याला घाईने 'चमत्कार' म्हणणारे आणि घाईने 'थोतांड' म्हणणारे, दोघेही रुग्णाचे नुकसान करतात असे मला मनापासून वाटते. म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबली तरी वाचकाने सांभाळून घ्यावे.

सुरुवात आजारापासून करू. सैनिकांच्या या दुखण्याकडे ज्या डॉक्टरांनी आधी पाहिले, त्यांच्या नजरेला पहिल्यांदा पडले ते शरीर. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांना तपासून जेकब डा कोस्टा यांनी १८७१ साली एका विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले: धडधड, धाप, छातीत कळ, जराशा श्रमाने गळून जाणे, आणि एवढे असून हृदयात दोष सापडत नाही. पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात 'शेल शॉक'वर लिहिले. त्यांचे सैनिक तोफगोळ्यांच्या माऱ्यातून वाचले होते, पण त्यांची दृष्टी, वास, चव आणि आठवण यांवर परिणाम झाला होता. पुढे हा आजार भेकडपणाच्या खाती टाकला गेला, दुबळ्या मनाचा म्हटला गेला. व्हिएतनाममधून परतलेले सैनिक आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले डॉक्टर यांच्या रेट्यानंतर, १९८० साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत पीटीएसडीला अधिकृत जागा दिली. डा कोस्टांनी नोंदवलेली ती धडधड मात्र सुरुवातीपासून तिथेच होती, आणि या पुस्तकातला उपचार तिच्याच उगमाकडे जातो.

धोका समोर आला की आपल्या शरीरातली अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातली सिम्पथेटिक, जागी होते. हृदय वेगाने धावते, बाहुल्या विस्फारतात, तळव्यांना घाम येतो, रक्त स्नायूंकडे वळते. पळायचे किंवा लढायचे, दोन्हींची तयारी क्षणात होते. धोका टळला की ही तयारी मोडली जाते. पीटीएसडीत ती मोडलीच जात नाही. पीक कापून घरात आले तरी माळ्यावरचा राखणदार गोफण खाली ठेवत नाही, रिकाम्या रानात रात्रभर हाकारे घालत राहतो, तशी शरीराची गत होते. मेंदूतला भीतीशी निगडित असलेला अमिग्डाला हा भाग सावलीलाही शत्रू समजू लागतो, ती खबर शरीरभर जाते, धडधडणाऱ्या शरीराची खबर उलट मेंदूकडे येते, आणि मेंदू म्हणतो: पाहा, धोका आहेच.

या साखळीतले एक ठिकाण मानेच्या तळाशी हाताला लागण्यासारखे आहे. तिथे अनुकंपी चेतासंस्थेचा जो गुच्छ असतो त्याला स्टेलेट गँग्लियन म्हणतात. मानेतला सर्वांत खालचा आणि छातीतला सर्वांत वरचा असे दोन गुच्छ बहुतेक माणसांत एकमेकांत मिसळून तो तयार होतो. डोके, मान, हात आणि हृदय यांच्याकडे जाणारे अनुकंपी तंतू या वाटेने जातात. प्राण्यांवरच्या अभ्यासांत या गुच्छाचा माग काढत गेल्यावर त्याचे धागे हायपोथॅलॅमस आणि अमिग्डाला या मेंदूतल्या भागांपर्यंत पोचलेले दिसले आहेत.

इंजेक्शन कसे देतात, हे वाचकाने एकदा जवळून पाहावे, कारण 'मानेत सुई' या दोन शब्दांनीच अनेकांच्या पोटात गोळा येतो. रुग्ण उताणा झोपतो, मान किंचित मागे, चेहरा डावीकडे वळवलेला. हाताला सलाईनची सुई, छातीला हृदयाच्या ठोक्यांच्या तारा, बोटाला ऑक्सिजन मोजणारी चिमटी. मानेवर जेल लावून सोनोग्राफीचा प्रोब ठेवला की पडद्यावर कॅरोटिड धमनीचे काळे वर्तुळ ठोक्याठोक्याला हलताना दिसते. शेजारची शीर प्रोबच्या दाबाने चपटी होते. खाली सहाव्या मणक्याचा उंचवटा पांढऱ्या रेषेत उठून दिसतो आणि त्यावर लाँगस कोलाय हा स्नायू पसरलेला असतो. गुच्छ स्वतः याहून खाली, सातव्या मणक्याच्या आणि पहिल्या बरगडीच्या जवळ असतो. तिथे फुप्फुसाचे टोक आणि मणक्याची धमनी अगदी लगत असल्यामुळे सुई वर, सहाव्या मणक्यापाशीच थांबवतात आणि औषध पापुद्र्यामधून पसरत गुच्छापर्यंत जाऊ देतात. जागा आधी बधिर केलेली असते. "आता बोलू नका, गिळू नका" एवढे सांगून सुई आत जाते. पिस्टन मागे ओढून रक्त येत नाही ना याची खात्री करायची, थोडेसे औषध सोडायचे, थांबायचे, रुग्णाकडे पाहायचे, मग पुन्हा थोडे. रोपिव्हॅकेन किंवा ब्युपिव्हॅकेन, साधारण सात ते दहा मिलिलिटर.

काही मिनिटांत खूण दिसू लागते. त्या बाजूची पापणी खाली येते, बाहुली लहान होते, डोळा लालसर होतो, नाकपुडी चोंदते, तळहात गरम लागतो. याला हॉर्नर सिंड्रोम म्हणतात. आरशात पाहून रुग्ण घाबरतो, म्हणून आधीच सांगून ठेवावे लागते. आमच्या दृष्टीने मात्र औषध जागी पोचल्याची ती पावती असते आणि काही तासांत ती आपोआप ओसरते. कुणाचा आवाज घोगरा होतो, कुणाला घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते. गिळणे पूर्ववत होईपर्यंत पाणीसुद्धा द्यायचे नाही, हा नियम.

या उपचाराचा इतिहास आडवळणाचा आहे. सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी अमेरिकेच्या त्याच यादवी युद्धात, गोळी लागून नस दुखावलेल्या सैनिकांच्या जळजळणाऱ्या हातापायांचे वर्णन करून ठेवले होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रेंच शल्यचिकित्सक रने लेरिश यांनी अनुकंपी नसांवर शस्त्रक्रिया आणि पुढे इंजेक्शने यांचा पाठपुरावा केला. १९४७ साली क्लीव्हलँडच्या दोन डॉक्टरांनी नैराश्याच्या तीन रुग्णांत स्टेलेट गँग्लियन बधिर करून काय झाले ते लिहिले. १९९० साली हाताच्या अशाच दुखण्यासोबत पीटीएसडीही असलेल्या एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. शिकागोचे भूलतज्ज्ञ यूजीन लिपोव्ह हे इंजेक्शन रजोनिवृत्तीत अंगातून वाफा निघतात त्या त्रासावर वापरून पाहत होते. २००८ साली त्यांनी पीटीएसडीच्या रुग्णात झालेला फरक नोंदवला. २०१० साली अमेरिकी सैन्यदलातले डॉक्टर शॉन मल्व्हेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन सैनिकांचे अनुभव मांडले, आणि २०१४ साली १६६ सैनिकांचे. त्यांतल्या ७० टक्क्यांहून अधिक जणांना बरे वाटले आणि ते काही महिने टिकले.

इथे वाचकाने थांबावे. १६६ हा आकडा मोठा वाटतो, पण त्या सैनिकांशी तुलना करायला दुसरा गट नव्हता. उमेद घेऊन आलेल्या माणसाला इंजेक्शन दिले, डॉक्टरांनी आपुलकीने विचारपूस केली, तर त्याला बरे वाटणारच. ते बरे वाटणे औषधाचे किती आणि उमेदीचे किती, हे वेगळे काढायला तुलनात्मक चाचणी लागते. तशा दोन चाचण्या या विषयाच्या केंद्रस्थानी आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिली २०१६ साली प्रसिद्ध झाली. सॅन डिएगोच्या नौदल रुग्णालयात ४२ जणांवर ती झाली. काहींना खरे इंजेक्शन, काहींना खोटे. दोन गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. दुसरी अमेरिकी सैन्याच्या तीन रुग्णालयांत, म्हणजे जर्मनीतले लँडस्टूल, हवाईतले ट्रिपलर आणि नॉर्थ कॅरोलायनातले वोमॅक इथे झाली आणि २०२० साली 'जामा सायकायट्री'त छापून आली. त्यात ११३ सेवारत सैनिक होते. दोघांना खरे तर एकाला खोटे, अशा प्रमाणात चिठ्ठी टाकल्यासारखी निवड. दोन आठवड्यांच्या अंतराने दोन इंजेक्शने. खोट्या गटाला मानेतल्या स्नायूंत थोडेसे सलाईन. कुणाला काय मिळाले हे ठाऊक नसलेल्या तपासनिसांनी आठ आठवड्यांनी पुन्हा मुलाखती घेतल्या. पीटीएसडीची तीव्रता ज्या मुलाखतीने मोजतात तिचे एकूण गुण ८० असतात. खऱ्या गटाचे गुण सरासरी १२.६ ने उतरले, खोट्या गटाचे ६.१ ने. फरक योगायोगाचा नव्हता.

हे आकडे सावकाश वाचले तर बरेच काही सांगतात. औषधाने खरोखर काहीतरी केले. त्याच वेळी, नुसते सलाईन टोचलेली माणसेही सहा गुणांनी सुधारली. सुधारणा आठ आठवड्यांपर्यंत मोजली. वर्षाचे काय, हे या चाचणीतून कळत नाही. आणखी एक अडचण अशी की, पापणी खाली आलेल्या माणसाला आपल्याला खरे औषध मिळाले याचा अंदाज बांधता येतो, आणि तो अंदाजही गुण खाली आणू शकतो. ११३ जणांत १०० पुरुष होते, १३ स्त्रिया. रणांगणावरच्या आघाताबद्दल यातून जे कळले ते बलात्कार किंवा घरगुती छळ सोसलेल्या स्त्रीला जसेच्या तसे लागू होईल, असे कुणी छातीठोकपणे सांगू नये. याच कारणांनी अमेरिकेतले माजी सैनिकांचे खाते आणि संरक्षण खाते यांच्या २०२३ च्या संयुक्त मार्गदर्शिकेने या इंजेक्शनाची शिफारस केली नाही, आणि करू नये असेही म्हटले नाही. पुरावा अपुरा आहे, एवढाच निर्णय दिला. मला तो निर्णय प्रामाणिक वाटतो.

मग एवढा खटाटोप कशाला? कारण हाती असलेले उपचार चांगले असूनही अनेकांपर्यंत पोचत नाहीत. पीटीएसडीवर आज ज्यांचा पुरावा सर्वांत भक्कम आहे ते बोलण्याचे उपचार आहेत: आघाताची आठवण सुरक्षित वातावरणात पुन्हा पुन्हा सांगत तिची धार बोथट करणे, किंवा तिच्याभोवती साचलेले 'माझंच चुकलं', 'आता कुणाचाच भरवसा नाही' असे समज उलगडून तपासणे. त्याच्या जोडीला सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन, व्हेनलाफॅक्सिन ही औषधे. पण आठवणीजवळ जायचे तर शरीराने साथ द्यावी लागते. ज्याचे काळीज पहिल्या वाक्यालाच तोंडाशी येते, जो चार रात्री झोपलेला नाही, तो समुपदेशकासमोर बसतो, दहा मिनिटांत उठतो आणि पुन्हा येत नाही. अर्ध्यावर उपचार सोडणारे काही थोडे नसतात.

या इंजेक्शनाची खरी जागा मला इथे दिसते. ते आठवण पुसत नाही, अपराधीपणा धुऊन टाकत नाही, गेलेला मित्र परत आणत नाही. त्याने मिळाली तर उसंत मिळते: काही आठवडे शांत झोपेचे, शरीर आपल्या ताब्यात असल्याचे. त्या आठवड्यांत बोलण्याच्या उपचाराला बसले, तर जे आधी असह्य होते ते सोसवण्याची शक्यता वाढते. हा विचार अमेरिकेत तपासला जातो आहे. दोन आठवड्यांच्या सलग बोलण्याच्या उपचाराला या इंजेक्शनाची जोड देणारा बारा जणांचा एक लहान अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला; त्यात तुलनेचा गट नव्हता, पण परिणाम उत्साह वाढवणारे होते. उसंत मिळाली आणि तिचा काहीच उपयोग केला नाही, तर ती संपते. म्हणून इंजेक्शन देणाऱ्याने पुढच्या समुपदेशनाची तारीख आधी विचारावी आणि सुई नंतर उचलावी, असे माझे ठाम मत आहे.

एक कोडे मात्र उरते. औषधाचा अंमल काही तासांचा, मग परिणाम आठवडे कसा टिकतो? लिपोव्ह यांनी २००९ साली एक अंदाज मांडला: दीर्घ तणावात मज्जातंतूंची वाढ करणारे एक प्रथिन वाढते, त्यामुळे अनुकंपी तंतूंना नवे धुमारे फुटतात आणि इंजेक्शनानंतर ही वाढ ओसरते. काहींना वाटते की शरीर आणि मेंदू यांच्यातली भीतीची देवघेव एकदा तुटली, दोन रात्री गाढ झोप झाली, की पुढचे काम शरीरच करते. दोन्ही अंदाजच आहेत. आमच्या वेदनेच्या क्षेत्रातही औषध उतरल्यावर आराम टिकून राहतो, हे आम्ही नेहमी पाहतो. पण पाहणे आणि सिद्ध होणे यांत अंतर आहे.

धोक्यांबद्दल आडपडदा नको. कुशल हातात हे इंजेक्शन सुरक्षित आहे, तरी औषध चुकून मणक्याच्या धमनीत गेले तर तत्काळ झटका येतो. फुप्फुसाला छिद्र पडू शकते, मानेत रक्त साकळून श्वासनलिकेवर दाब येऊ शकतो, श्वासपटलाची नस बधिर होऊन धाप लागू शकते. दोन्ही बाजूंना एकाच दिवशी ते देत नाहीत ते याच कारणाने. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे. जिथे सोनोग्राफी नाही, श्वासनलिकेत नळी घालण्याची तयारी नाही, इंजेक्शनानंतर निरीक्षणाला खाट नाही, तिथे हे करून घेऊ नये. आणि कुणी 'एका इंजेक्शनात कायमचा इलाज' अशी हमी देऊन पैसे मागत असेल, तर तिथून सरळ उठून यावे.

मराठी वाचकाला हा विषय दूरच्या सैनिकांचा वाटू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जमीन हादरली. वाचलेल्यांना मनोविकारतज्ज्ञांनी तपासले तेव्हा पीटीएसडी आणि नैराश्य ठळकपणे समोर आले. ११ जुलै २००६ ची लोकल आणि २६ नोव्हेंबर २००८ ची मुंबई अनुभवलेली माणसे आपल्या आसपास आहेत. रुळावर समोर आलेला माणूस ब्रेक दाबूनही वाचवता न आलेला मोटरमन, रोज जळालेली शरीरे पाहणारा अग्निशमन जवान, माहेरी परतलेली आणि अजूनही दाराच्या कडीकडे पाहत झोपणारी मुलगी, या सगळ्यांचे शरीर अजून पहाऱ्यावर असू शकते. त्यांना पहिली गरज आहे ती निदानाची, आणि आपण दुबळे नाही हे कळण्याची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क ठरवला आहे. टेलि-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येते. पहिली पायरी तिथे आहे. इंजेक्शनाचा विचार फार पुढचा, आणि तोही सर्वांसाठी नाही.

तरीही या इंजेक्शनाने एक गोष्ट आत्ताच दिली आहे. मानेतल्या एका गुच्छाला बधिर केल्याने ज्याची भीती थोडी तरी ओसरते, त्याला 'मन खंबीर कर' असा उपदेश करणे किती निरर्थक आहे, हे त्याने डोळ्यांपुढे ठेवले आहे. आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत भूलशास्त्र आणि मनोविकारशास्त्र हे दोन्ही विभाग असतात, आणि एकमेकांचे रुग्ण त्यांना क्वचितच दिसतात. जळणाऱ्या हाताची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आम्ही भूलतज्ज्ञांनी त्याच्या झोपेबद्दल विचारावे, मनोविकारतज्ज्ञांनी धडधडणाऱ्या रुग्णाच्या शरीराकडेही पाहावे, आणि दोघांनी मिळून इथल्या रुग्णांवर, इथल्या आघातांवर, स्त्रियांना बरोबरीने घेऊन नीट चाचणी उभी करावी, एवढी माझी मागणी आहे. हे पुस्तक रुग्णाने, त्याच्या घरच्यांनी आणि त्या दोन्ही विभागांतल्या तरुण डॉक्टरांनी वाचावे, प्रश्न विचारावेत, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावे.